टाळूला चिकटलेलं

अस्सलराव हे नाव त्यांना आईबापांनी ठेवलेलं नव्हतं, गिऱ्हाइकांनी बहाल केलं होतं. बेकरीच्या काउंटरमागे उभे राहून ते दर दोन वाक्यांमागे "अस्सल लोणी, अस्सल साखर, तिसरं काही नाही" असं म्हणत. म्हणताना नाक असं वर करत, की आपण आयुष्यभर भेसळच खात आलो असं समोरच्याला वाटू लागे. माणूस सडपातळ, आवाज मात्र दोघांचा. कोपऱ्यावर मोठं सुपरमार्केट उघडल्यापासून तर त्यांच्या तोंडाचा पट्टा थांबतच नसे. कुणाच्या पिशवीतून तिथला बिस्किटांचा पुडा डोकावला की ते तो हक्कानं ओढून घेत, चष्मा कपाळावर सारून मागची बारीक अक्षरं वाचत. "पाम तेल! हे बघा. ग्लुकोज सिरप! हेही बघा. आणि वर विचारता, पोरं का फुगतायत?" गिऱ्हाईक ओशाळून हसे, पुडा परत घेई आणि जाताना पाव किलो बिस्किटं यांचीही नेई. एवढं झालं की अस्सलरावांचा दिवस सोन्याचा.

एक गोष्ट मात्र गिऱ्हाइकांना माहीत नव्हती. एवढं नाक वर करणाऱ्या या माणसाचं नाक कामातून गेलं होतं.

मागच्या वर्षी त्यांना ताप आला. ताप उतरला, अंगात ताकद आली, पण वास काही परत आला नाही. जिभेला गोड, खारट, आंबट तेवढं समजे. बाकी लोणी आणि मेणबत्ती त्यांना सारखीच. येईल हळूहळू, नाहीतर नाहीही येणार, असं डॉक्टर म्हणाले, म्हणजे काहीच म्हणाले नाहीत. बेकरीवाल्याचं नाक जाणं म्हणजे शिंप्याचे डोळे जाण्यासारखं. बोभाटा झाला असता तर 'अस्सल' म्हणायला तोंड उरलं नसतं. त्यामुळे ही गोष्ट त्यांची बायको आणि मुलगी या दोघींपलीकडे कुठे गेली नाही.

मग त्यांच्या नाकाचं काम बायकोनं अंगावर घेतलं. लोणी आणि साखर फेटून मिश्रण तयार करायचं काम त्यांनी आजवर कुणाला करू दिलं नव्हतं, ते त्यांनी तिच्या हाती दिलं. ते नुसते लाटत, कापत, भाजत. पहिला ट्रे बाहेर आला की बायको एक तुकडा तोंडात टाकी, डोळे मिटून घेई आणि म्हणे, "छान. लोण्याचा घमघमाट सुटलाय नुसता." एवढं ऐकलं की हे निर्धास्त. या बाईवर आपला इतका जीव आहे हे आपल्याला नाक गेल्यावर कळलं, असं ते मनाशी म्हणत. तोंडानं म्हणायची पद्धत त्यांच्या घरात नव्हती.

मध्यंतरी एकदा पीठ लाटताना हाताला काहीतरी वेगळं लागलं. इतक्या उकाड्यात गोळा सैल पडायला हवा होता, तो आपला घट्टच.

"लोणी बदललं का गं?" त्यांनी विचारलं.

"डेअरीवाला हल्ली पाणी कमी ठेवतो त्यात," बायको म्हणाली. "चांगलंच आहे की."

चांगलंच होतं. पुढे पुढे बिस्किट खाल्लं की टाळूला पातळ थर बसल्यासारखं व्हायला लागलं. गरम चहाचे दोन घोट घेतल्याशिवाय तो जात नसे. तेही त्यांनी तिला सांगितलं. "तापानं तुमचं तोंडच बदललंय, त्याला कोण काय करणार?" असं म्हणून तिनं चहाचा कप पुढे केला. उभा जन्म पिठात घातलेले हात एक सांगत होते आणि बायको दुसरं सांगत होती. त्यांनी बायकोचं ऐकलं. ज्याचं नाक दगा देतं तो हातांवर तरी कसा विश्वास ठेवणार?

मुलगी आठवीत होती. घरात तिचं नाव चिमणी आणि शाळेत भोपळा. वर्षभरात तिचं अंग असं सुटलं की शिवलेले कपडे महिन्या-दोन महिन्यांत अपुरे पडू लागले. अस्सलरावांना कारण शोधावं लागलं नाही, ते त्यांच्याकडे तयारच होतं. एके संध्याकाळी त्यांनी तिचं दप्तर जमिनीवर पालथं केलं.

"पुडे कुठे लपवतेस?"

"मी बाहेरचं काही खात नाही, बाबा."

"मग हे काय हवेनं वाढतंय? खोटं बोलू नकोस. ते पाम तेल एकदा तोंडाला लागलं की सुटत नाही."

"खरंच नाही खात," म्हणून ती रडायला लागली. दप्तरात वह्या-पुस्तकांशिवाय काही निघालं नाही, तरी त्यांची खात्री पटली नाही. दुकानातच संपवून येत असेल. बायको त्याच खोलीत कपड्यांच्या घड्या घालत बसली होती. ती घड्याच घालत राहिली. मुलगी रडायची थांबेना तेव्हा अस्सलरावांनाच गलबलून आलं. ते खाली गेले, बरणीतून मूठभर बिस्किटं आणली आणि तिच्या ओंजळीत ठेवली. "भूक लागली तर हे खा. हवं तेवढं खा. यात खोट नाही." मुलीनं आईकडे बघितलं आणि मुकाट्यानं खायला सुरुवात केली.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी शाळेनं सगळ्या मुलांची वजनं केली आणि पालकांचे डोळे पांढरे झाले. मुख्याध्यापिकाबाईंनी सभागृहात जाहीर चर्चा ठेवली. मुलांचं वजन वाढतंय, दोष कुणाचा? शाळेच्या उपाहारगृहात पुड्यातलं खाणं ठेवायचं की नाही? एका बाजूनं बोलायला सुपरमार्केटचा मॅनेजर, दुसऱ्या बाजूनं अस्सलराव, आणि मधे न्याय करायला मुलांची डॉक्टरीणबाई. बोलावणं आलं तसे अस्सलराव दोन वीत वर चालायला लागले. आरशासमोर उभे राहून हातवारे करायला लागले.

"तुम्ही कशाला जाता तिथे?" बायको म्हणाली. "हात दाखवून अवलक्षण."

"का? मी काय चोरी केलीय?"

"तसं नाही हो. लोक काहीबाही विचारतात."

स्टेजवर आपण अडखळू याची तिला काळजी वाटते, असं त्यांनी धरलं आणि त्यांना तिचं कौतुकच वाटलं. त्यांनी तिला पहिल्या रांगेत बसायला सांगितलं. ती तिसऱ्या रांगेत बसली, मुलगी तिच्या शेजारी.

सभागृह भरलं होतं. अस्सलरावांनी बिस्किटांचा मोठा डबा नेला होता, तो बोलण्याआधीच रांगारांगांतून फिरवला. मग ते असे बोलले की बस. "आपल्या आज्यांनी लोणी खाल्लं, साखर खाल्ली. कुणाची आजी सुटली होती का? नाही! मग लोण्याला दोष का? दोष आहे तो या नव्या मालाला. स्वस्तातलं तेल, स्वस्तातला पाक, आणि वर चकचकीत कागद. पोट भरत नाही, नुसता हात पुड्यात जात राहतो. पोरांना हे विकणं म्हणजे पोरांना विष विकणं!" टाळ्या पडल्या. विष हा शब्द त्यांनी मॅनेजरकडे बघून उच्चारला होता.

डॉक्टरीणबाई शांतपणे म्हणाल्या, "तुमच्या आजी दिवसभर कष्ट करायच्या. बिस्किटं किती खायच्या? सणावारी दोन?"

लोक हसले. अस्सलरावही हसले, कारण लोक आपल्या बाजूनं हसतायत असं त्यांना वाटलं.

"कुठल्या एका पदार्थाच्या डोक्यावर सगळं खापर फोडू नका," बाई पुढे म्हणाल्या. "ते सोपं पडतं म्हणून आपण फोडतो."

"बाई, वकिली करू नका त्यांची," अस्सलराव गरजले. "माझ्या घरातलं सांगतो. माझी मुलगी माझी बिस्किटं खाऊन लहानाची मोठी झाली, काही झालं नाही. बाहेरचं चोरून खायला लागली आणि आज बघा तिच्याकडे!"

सभागृहानं बघितलं. तिसऱ्या रांगेत चिमणीनं मान इतकी खाली घातली की नुसता भांग दिसत राहिला. हे बोलायला नको होतं हे अस्सलरावांनाही कळलं, पण शब्द तोंडातून निघून गेला होता आणि गाडी उताराला लागली होती.

मॅनेजर आतापर्यंत गप्प होता. भांडखोर माणूस नव्हता, पण विष विकतो म्हटल्यावर त्याचेही कान लाल झाले होते. तो उठला. त्याच्या हातात डब्यातलं अर्धं खाल्लेलं बिस्किट होतं.

"अस्सलराव, मी विष विकतो तर तुम्ही ते दर आठवड्याला विकत का घेता?"

"मी?"

"मार्गारिनचे खोके. तुमच्या बेकरीत जातात ना?"

"मार्गारिन म्हणजे?" मागून कुणीतरी विचारलं.

"तेल घट्ट करून केलेलं, लोण्यासारखं दिसणारं. आमच्याकडचं तर सगळं पाम तेलाचंच असतं," मॅनेजर म्हणाला. "वहिनी येऊन घेऊन जातात, मागच्या दारानं. मला वाटलं, तुम्हाला माहीत असणार. आणि हे बिस्किट त्याचंच आहे, खाल्ल्यावर कळतंच की. तुम्हीच खाऊन बघा."

अस्सलराव आधी हसले. मग त्यांनी तिसऱ्या रांगेकडे बघितलं. आता ही उठेल. पदर खोचून उठेल आणि या माणसाला सगळ्यांदेखत असं सुनावेल की त्याला पळता भुई थोडी होईल. एरवी काय कमी बोलायची ती? गिऱ्हाइकानं 'काल शिळा पाव दिलात' म्हटलं तरी रस्त्यापर्यंत त्याच्यामागे जायची. ते वाट बघत राहिले. बायको आपल्या हातांकडे बघत बसली होती. उठली नाही.

डबा फिरत फिरत स्टेजवर परत आला होता. सगळे बघत होते, म्हणून अस्सलरावांनी एक बिस्किट उचललं आणि तोंडात घातलं. गोड लागलं. नेहमीसारखंच गोड. ते चावत राहिले, सभागृह त्यांच्या जबड्याकडे बघत राहिलं, आणि मग तो थर हळूहळू टाळूला येऊन चिकटला. तोच तो थर. तापानं तोंड बदललंय म्हणून महिनोन् महिने चहानं धुऊन काढलेला. त्यांचं तोंड बदललं नव्हतं. त्यांच्या तोंडानं त्यांना खरं तेच सांगितलं होतं, आणि त्यांच्या हातांनीही.

बायकोनं केसानं गळा कापला होता, आणि तोही चहाचा कप पुढे करून.

सभा उधळायला नको म्हणून डॉक्टरीणबाईच धावून आल्या. "वजनाचंच म्हणाल तर लोणी घाला नाहीतर हे घाला, उष्मांक जवळपास सारखेच. मूठभर खाल्लं की दोन्हींनी वजन वाढणार. मुद्दा किती खातो त्याचा आहे." कुणीतरी टाळी वाजवली, कुणीतरी "कोरडे पाषाण!" म्हणून खिदळलं. मुख्याध्यापिकाबाईंनी उपाहारगृहाचा निर्णय पुढच्या महिन्यावर टाकला आणि आभार मानले. अस्सलराव डबा काखोटीला मारून खाली उतरले. वाटेत दोघातिघांनी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला, तो त्यांनी झटकला.

तिघं घरी आले. दार लागल्यावर त्यांनी विचारलं, "कधीपासून?"

"तुमच्या आजारपणापासून," बायको म्हणाली. तिनं आढेवेढे घेतले नाहीत. "लोण्याचे भाव कुठे गेले ते तुम्हाला माहीत होतं. तुम्ही अंथरुणात. बेकरी बंद पडायची वेळ आली होती. तुम्हाला विचारलं असतं तर बंद करा म्हणाला असतात, पण लोणी सोडलं नसतंत. चार दिवसांपुरतं म्हणून आणलं. मग कुणी तक्रारच केली नाही. उलट खप वाढला."

"मला सांगायचं नाहीस?"

"कितीदा ओठांवर आलं होतं. तुम्ही काउंटरला अस्सल अस्सल करत इतके खूश असायचात."

"मी तुला हाताचं सांगितलं. टाळूचं सांगितलं. तू मलाच वेडा ठरवलंस."

"मग काय करायचं होतं मी? आणि आता तर डॉक्टरीणबाईच म्हणाल्या ना, दोन्ही सारखंच. कुणाचं काय वाईट केलं मी? कुणाच्या जिवाला धोका नाही, कुणाचं वजन जास्तीचं वाढलं नाही. आणि तुम्हाला तरी कुठे कळणार होतं?"

शेवटचं वाक्य तिच्या तोंडून सुटलं आणि तिनं जीभ चावली. अस्सलराव खुर्चीत बसले. ती म्हणत होती त्यात एक शब्द खोटा नव्हता, हेच त्यांना सहन होईना. बेकरी तिनंच वाचवली होती. लोणी असतं तरी पोरगी तेवढीच सुटली असती. हिशेब सगळा बरोबर होता, फक्त त्यात ते कुठे नव्हते. शत्रूला माहीत नसलेली जागा तिला माहीत होती, आणि तिनं नेमकी तिथूनच आत वाट काढली होती. कुंपणानंच शेत खाल्लं तर शेतानं कुणाकडे बघायचं?

चिमणी स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. ते तिला म्हणाले, "तुला माहीत होतं?"

तिनं आईकडे बघितलं. मग ती म्हणाली, "चव बदलली तेव्हाच कळलं होतं. आई म्हणाली, बाबांना सांगू नकोस, त्यांना आता चव कळत नाही, उगाच जिवाला लावून घेतील."

"आणि मी तुझं दप्तर पालथं केलं तेव्हा? तेव्हा तरी बोलायचंस!"

"मी सांगत होते ना, बाहेरचं खात नाही म्हणून. ते खरंच होतं, बाबा."

ते खरंच होतं. घरात त्यांच्याशी खरं बोलणारं एकच माणूस होतं, आणि त्यांनी भरसभेत तिलाच खोटं पाडलं होतं. तिची आई घड्या घालत बसली होती आणि घड्याच घालत राहिली होती. अस्सलरावांना बायकोचा राग आला, आणि त्या रागातही स्वतःला वगळता येईना, याचा आणखी राग आला. त्यांनी मुलीला जवळ बोलावलं. ती आली, पण अंग चोरून उभी राहिली.

त्या दिवशी घरात कुणी नीट जेवलं नाही. सकाळी मात्र बेकरी उघडायला हवीच होती. बदनामी झाली म्हणून पाव खायचं कुणी थांबत नाही, उलट बघायला म्हणून चार जास्त येतात.

उजाडता उजाडता दोघं खाली आले. भट्टी गॅसची होती, आणि गॅस रात्रीतून कुठे गळलाय का ते बघितल्याशिवाय ती पेटवायची नसते. ताप आल्यापासून बायको पुढे जाऊन भट्टीच्या तोंडाशी, नळीपाशी, सिलिंडरपाशी वास घेई, आणि मग हे काडी ओढत. तिनं आजही तेच केलं. तिचे डोळे सुजले होते.

"काही वास नाही," ती म्हणाली. "पेटवा."

अस्सलरावांनी काडी काढली, पेटीला टेकवली आणि हात तिथेच थांबला. हे असलं खोटं ती बोलणार नाही, एवढं त्यांना कळत होतं. या बाईनं आजारपणात त्यांचं सगळं काढलं होतं, ती त्यांच्या जिवावर उठणार नाही. पण हे कळत होतं डोक्याला. हाताला ते पटेना.

"अहो, पेटवा ना. नाही वास."

त्यांनी मुलीला खाली बोलावलं. तिनंही वास घेतला. "नाहीये, बाबा."

त्यांनी काडी पेटीत परत ठेवली, पुढचं दार उघडलं, मागचं उघडलं, खिडक्या सताड केल्या आणि बाहेर पायरीवर जाऊन बसले. बायको आतच उभी राहिली. ऊन रस्त्यावर उतरलं तरी आतून भट्टीची ऊब आली नाही.

सकाळचा पाव न्यायला मास्तर आले. निवृत्त झाल्यापासून पहिलं गिऱ्हाईक तेच असायचे. कालच्या सभेला तेही होते, पण त्यांनी तो विषय काढला नाही.

"आज उशीर?" ते म्हणाले.

"भट्टी पेटवायचीय. गॅसचा वास नाही ना, ते बघायचंय."

"वहिनी काय म्हणतात?"

"नाही म्हणते."

"मुलगी?"

"तीही नाही म्हणते."

मास्तरांनी आत डोकावून बघितलं. "मग अडलंय कुठे?"

अस्सलराव पायरीवरून उठले. जी गोष्ट घराबाहेर जाऊ नये म्हणून त्यांनी वर्षभर जिवाचं रान केलं होतं, ती त्यांनी भर रस्त्यात, पाव मागायला आलेल्या माणसाला सांगून टाकली.

"मला वास येत नाही, मास्तर. मागच्या तापापासून नाही येत. तुम्ही जरा आत जाऊन बघता का?"

बायको दारात आली होती. तिनं सगळं ऐकलं. मास्तरांना आत जायला वाट द्यावी म्हणून बाजूला सरकली.